नोकरीला त्रेचाळीस, शिकायला पस्तीस!

गेल्या महिन्यातील एका रविवारी रत्नागिरीत कार्यकर्त्यांची बैठक आटोपून आम्ही चार-पाच जण भाट्ये किनाऱ्यावर जाऊन बसलो होतो. पलीकडे मांडवी, मध्ये काजळी नदीचे मुख, आणि मागे सुरूचे बन. ओहोटी लागलेली होती आणि गाळाने भरलेल्या खाडीच्या तोंडातून दोन होड्या जपून जपून बाहेर काढल्या जात होत्या. त्या होड्यांकडे बघत असताना आमच्यातील एका बांधवाने पिशवीतून एक कागद काढला आणि, "वकीलसाहेब, हे जरा बघा," म्हणून आमच्या हाती दिला. युरोपातील एका नामांकित विद्यापीठाचे ते प्रवेशपत्र होते. विषय, आंतरराष्ट्रीय विकास धोरण. पदव्युत्तर पदवी, नोकरीत काही वर्षे काढलेल्यांसाठी खास आखलेली.

हा आमचा बांधव एका शासकीय खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. बारा वर्षे त्याने वाड्यावाड्यांतील नळपाणी योजना पाहिल्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर का लागतो, आणि तो टँकर गावच्या तिठ्यापर्यंत येऊन बौद्धवाडीच्या चढणीला का थांबतो, हे त्याला जेवढे कळते तेवढे मंत्रालयातील कोणा सचिवाला कळत असेल असे आम्हांस वाटत नाही. बारा वर्षांचा हा अनुभव त्याने अर्जात लिहिला आणि तेवढ्यावर तिकडच्या लोकांनी त्याला या म्हटले.

आम्ही अभिनंदन केले. तो हसला नाही. "पैसे कुठून आणू?" म्हणाला. "शिष्यवृत्तीला वय गेलं. मी एक्केचाळीस."

येथून पुढचे सारे लेखन त्या एका वाक्यावर आहे.

आधी हिशेब मांडू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्या जागा १२५. त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी आणि उरलेल्या दहा विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. वय पस्तीसच्या आत हवे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासूनची. तिच्या जागा ७५, आणि तेथेही पदव्युत्तर शिक्षणाला वयाची अट पस्तीस, पीएच.डी.ला चाळीस.

आता याच सरकारांचे दुसरे कागद काढा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला अनुसूचित जातीच्या उमेदवाराची वयोमर्यादा ३७ आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रवेशासाठी २०१६ पासून खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणजे सरकारच मान्य करते की आमचा माणूस उशिरा उभा राहतो. बाप मजूर, पहिली पिढी शाळेत, मध्ये दोन वर्षे कामासाठी मुंबईला, मग जात पडताळणीचे हेलपाटे, मग स्पर्धा परीक्षेची चार-पाच वर्षे. त्रेचाळिसाव्या वर्षीही तू नव्याने नोकरीला लाग, आमची हरकत नाही, असे सरकार म्हणते. पण त्याच माणसाला शिकायला जायचे तर तो पस्तिशीतच म्हातारा ठरतो! कायद्याचा धंदा करताना आम्ही विसंगत नियम पुष्कळ पाहिले. इतका उघडा क्वचितच पाहिला.

आणि उत्पन्नाची अट? सातव्या वेतन आयोगानंतर बारा वर्षे नोकरी झालेला अभियंता आणि त्याची शिक्षिका पत्नी यांचा पगार आठ लाखांच्या पलीकडे जातोच. त्या पगारातून गावचे आईवडील, धाकट्या भावाचे शिक्षण, घराचे हप्ते जातात, हे उत्पन्नाच्या दाखल्यात येत नाही. अनुसूचित जातींना क्रीमी लेयर लावायचा की नाही यावर १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालापासून मोठी चर्चा चालू आहे. शिष्यवृत्तीच्या दारात तो कधीच लागू झालेला आहे, फक्त त्याचे नाव वेगळे ठेवले आहे.

कोणी म्हणेल, एवढे काय त्या अभ्यासक्रमात? नोकरी आहे, पगार आहे, मग चाळिशीत हे डोहाळे कशाला? हा प्रश्न आमच्याच समाजातील माणसे विचारतात म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

विकास धोरण म्हणजे काय, हे भाट्यातच बसून समजून घेता येते. किनाऱ्याला लागूनच कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी नारळाच्या जाती दिल्या. नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी लावून कमाई वाढविण्याची 'लाखी बाग' दाखविली. काम चांगले, त्यात वाद नाही. पण लाखी बागेला आधी बाग लागते आणि बागेला जमीन. जिच्याकडे घराखालची दोन-चार गुंठे आणि वर कातळ, त्या वाडीने हे तंत्रज्ञान कोठे लावायचे? हा प्रश्न शेतीशास्त्राचा नाही. जमीन कोणाकडे आहे, ती कशी गेली, सरकारचा पैसा कोणाच्या बांधावर थांबतो, हा प्रश्न धोरणाचा आहे. खोतीच्या जिल्ह्यात तो नवाही नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक कोणी मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कुळांचा मोर्चा घेऊन कोण गेले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. कायदा व्हायला १९४९ उजाडले.

आणि आता गेल्या तीस-पस्तीस वर्षांकडे पाहा. या एका जिल्ह्यावर किती प्रकल्प उतरले! गुहागर तालुक्यात एन्रॉन आला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने दाभोळ प्रकल्पाला कर्ज नाकारले, कारण वीज महाग पडेल आणि एवढ्या विजेची राज्याला गरज नाही, असे तिच्या तज्ज्ञांचे मत होते. तरीही प्रकल्प झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये ती बंद पडली. वीज मंडळाचे कंबरडे मोडले. गुहागरच्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. बँकेने कागदावर आकडे मांडून जे म्हटले तेच गावकरी रस्त्यावर वेगळ्या भाषेत म्हणत होते. पण तो कागद वाचणारा, वीजखरेदी कराराची कलमे उलगडून सांगणारा माणूस वाडीत नव्हता. पुढे जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला, एप्रिल २०११ मध्ये तेथे गोळीबारात एक जीव गेला. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला आणि बारसूच्या सड्यावर पुन्हा उभा राहू पाहिला. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायका उन्हात सड्यावर आडव्या पडल्या. प्रत्येक वेळी गाव एका बाजूला आणि टेबल दुसऱ्या बाजूला. टेबलावर पर्यावरण परिणाम अहवाल, खर्च-लाभाचे गणित, पुनर्वसनाचे पॅकेज. हे सर्व कागद लिहिण्याची एक विद्या आहे, ती शिकविणाऱ्या संस्था आहेत, आणि तेथे कोण शिकून येतो यावर बरेच काही ठरते.

अशा संस्था जगात पुष्कळ आहेत. हॉलंडमध्ये हेग येथे १९५२ पासून सामाजिक अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इंग्लंडमध्ये ससेक्सला १९६६ पासून विकास अध्ययन संस्था आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात नोकरीच्या मध्यावर असलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय विकास धोरणाचा अभ्यासक्रम चालतो. हार्वर्डच्या केनेडी स्कूलच्या अशाच अभ्यासक्रमाला किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. तिकडे अनुभवाशिवाय प्रवेश नाही आणि इकडे अनुभव येईपर्यंत शिष्यवृत्ती नाही. अमेरिकेत राहणे-खाणे धरून एका वर्षाचा खर्च पन्नास लाखांच्या वर सहज जातो. भविष्य निर्वाह निधी मोडून तो भागत नाही.

मग भारतातून तेथे जातो कोण? ज्यांना घरून झेपते ते जातात. आणि दुसरे, आमचे सनदी अधिकारी. केंद्राच्या कार्मिक विभागाच्या योजनेतून भारतीय प्रशासकीय सेवेतील आणि इतर केंद्रीय सेवांतील अधिकारी परदेशी विद्यापीठांत पाठविले जातात. फी सरकार भरते, पगार चालू राहतो, परत आल्यावर बढतीची वाट मोकळी. त्यांनी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण ग्रामविकास अधिकारी, कनिष्ठ अभियंता, तालुक्याचा कृषी अधिकारी, आरोग्य केंद्रातील परिचारिका, म्हणजे जेथे योजना प्रत्यक्ष जमिनीला टेकते तेथे उभी असलेली माणसे, यांच्यासाठी तशी वाट कोणती? आणि आमच्या समाजाचे बहुसंख्य नोकरदार याच पायऱ्यांवर आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, नाही असे नाही. पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती साहेबाच्या मर्जीवर. आमच्या या बांधवाने वरिष्ठांना तोंडी विचारले तेव्हा, "आता शिकून काय कलेक्टर होणार काय?" असे उत्तर मिळाले. खाते कोणते ते सांगत नाही. हा प्रश्न एका खात्यापुरता नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण अशा वेळी आपण हमखास देतो, पण ते अर्धेच देतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, येथपर्यंत सर्वांना पाठ असते. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले, हेही ठाऊक असते. त्यानंतर काय झाले? नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. चांगल्या पगाराची नोकरी, घरात रमाई, पोरेबाळे, भावाचे कुटुंब. त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांनी निबंध लिहिला आणि शेतीवर पडून राहिलेले रिकामे श्रम उद्योगात नेल्याशिवाय शेती सुधारणार नाही असे सांगितले. विकासाच्या अर्थशास्त्रात हा विचार पुढे तीन-साडेतीन दशकांनी मोठ्या नावांनी मांडला गेला. आणि अशी नोकरी मार्च १९२० मध्ये सोडून, पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. लंडनच्या संस्थेने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती म्हणून हे जमले. नोकरी करणारा, संसारी माणूस परत शिकायला जातो, याचे आमच्याकडचे पहिले उदाहरण हे आहे. आणि रुपयाचा प्रश्न, प्रांतिक वित्त, खोतीचे विधेयक, पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील पाणी आणि विजेची धोरणे, यांच्या मागे ती दुसरी फेरी आहे.

नंतरच्या काळातही जेथे वाट मिळाली तेथे माणसे पोहोचली. रिझर्व्ह बँकेचे डॉ. नरेंद्र जाधव अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून १९८६ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले आणि पुढे नियोजन आयोगाच्या टेबलापर्यंत गेले. फोर्ड फाउंडेशनचा एक फेलोशिप कार्यक्रम २००१ ते २०१३ चालला. बावीस देशांतील वंचित समाजांतून, समाजात काम केलेल्या चार हजार तीनशेहून अधिक माणसांना त्याने उच्च शिक्षण दिले. त्यात भारत होता. अनुभव ही तेथे पात्रता होती, अडचण नव्हती. तो बंद झाला. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, तिला वयाची अट नाही, दोन वर्षांचा अनुभव लागतो. पण सगळ्या देशासाठी मोजक्या जागा आणि इंग्रजी मुलाखतीत कॉन्व्हेंटवाल्यांशी गाठ. म्हणजे जे परक्या सरकारला सुचते ते आमच्या सामाजिक न्याय खात्याला का सुचत नाही?

सुचत नाही एवढेच नाही, दार आणखी बारीक होत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध आज या नियमात बसला नसता! कोकणातील वाड्यांच्या पाण्यावर अभ्यास करतो म्हणणाऱ्याला तरी ते बसू देतील काय? जुलै २०२५ मध्ये तर १०६ निवडलेल्या विद्यार्थ्यांपैकी फक्त ४० जणांना पत्रे मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना, निधी उपलब्ध झाल्यास, असे कळविण्यात आले. राज्यातही २०२४ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीच्या अटी कडक करण्याचा घाट घातला गेला आणि विद्यार्थ्यांनी ओरड केल्यावर सरकारला मागे सरावे लागले. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात. पण अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दरवर्षी कोठे वळतो, किती परत जातो, हे विचारणारा अभ्यासू माणूस विधिमंडळाच्या गॅलरीत किती वेळा दिसतो? आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या पैशासाठी कायदे केले. महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात आहे, तसा कायदा मात्र नाही. असा कायदा लिहायचा तर तो लिहिणारी माणसे लागतील, आणि ती पस्तिशीच्या आतली असतीलच असे नाही.

भाट्याच्या वाळूत त्या दिवशी आमच्या तरुण मित्राने हरकत घेतली. मित्र तेवीस वर्षांचा आहे, स्वतः परदेशी जाण्याची तयारी करतो. म्हणाला, "सर, जागा आहेतच किती? पगारदार माणसाला दिली तर मजुराच्या मुलीची जागा जाते." ही हरकत खरी आहे आणि ती आम्ही बाजूला सारणार नाही. एकशे पंधरा जागांत चाळिशीचा अभियंता आणि बाविशीची शेतमजुराची लेक यांना एकमेकांसमोर उभे करण्यात प्रस्थापितांनाच आनंद वाटेल. म्हणून आमची मागणी त्या जागांतून वाटा काढण्याची नाही. नोकरीत किंवा सामाजिक कामात किमान पाच वर्षे काढलेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध उमेदवारांसाठी राज्याने वेगळ्या जागा ठेवाव्यात. सुरुवातीला वर्षाला पंचवीस ठेवल्या तरी चालतील. वयोमर्यादा पंचेचाळीस असावी. नोकरदाराला उत्पन्नाची अट नको, त्याऐवजी निवड झाल्यावर पगारी अध्ययन रजा हक्काने मिळावी आणि परत आल्यावर निदान तीन वर्षे त्याने आपल्याच जिल्ह्यात काम करण्याचे बंधपत्र द्यावे. सनदी अधिकाऱ्याला जे मिळते त्यापेक्षा यात एक पैसाही जास्त नाही. आणि सर्वांनी परदेशीच गेले पाहिजे असेही नाही. मुंबईत १९३६ पासूनची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. पण तेथेही शिष्यवृत्तीधारकांची फी माफी काढल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना संपावर बसावे लागले होते, हे विसरता येत नाही.

एक गोष्ट आमच्याच माणसांना सांगायची आहे. या पदव्या घेऊन येणारे सगळेच चळवळीच्या कामी येतात असा आमचा भ्रम नाही. तेथील भाषा गुळगुळीत असते. जातीला 'सामाजिक वगळणूक' म्हणतात, विस्थापिताला 'प्रकल्पबाधित लाभार्थी' म्हणतात, आणि दोन वर्षांत आपला माणूसही तसेच बोलू लागतो. मग एखाद्या मोठ्या संस्थेत सल्लागार, विमानाची तिकिटे, आणि वाडीचा संबंध चौदा एप्रिलच्या वर्गणीपुरता. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी बोलून दाखविलेली खंत अशाच शिकलेल्यांबद्दल होती. पण म्हणूनच आम्हांस बाविशीच्या विद्यार्थ्यापेक्षा या एक्केचाळीस वर्षांच्या अभियंत्याची काळजी कमी वाटते. त्याने चढणीवर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका बारा वर्षे पाहिल्या आहेत. त्यांना 'लाभार्थी' म्हणायला त्याची जीभ सहजासहजी वळणार नाही.

असो. त्या रविवारी नुसते बोलून आम्ही उठलो नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दोन अर्ज तयार केले आहेत. गेल्या दहा वर्षांत शासकीय खर्चाने किती अधिकारी-कर्मचारी परदेशी शिक्षणाला गेले, कोणत्या वर्गाचे, आणि त्यांत अनुसूचित जातीचे किती, हे पहिल्यात विचारले आहे. अध्ययन रजेचे किती अर्ज आले आणि किती कोणत्या कारणाने नाकारले, हे दुसऱ्यात. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. न आल्यास अपील करू. सामाजिक न्याय खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदाही झाला आहे. त्याला जोडण्यासाठी, वयाच्या किंवा उत्पन्नाच्या अटीमुळे ज्यांचा परदेशी प्रवेश वाया गेला त्यांनी आपली जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख आणि प्रवेशपत्राची प्रत आपापल्या शाखेत आणून द्यावी.

आमच्या अभियंत्याने विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश एक वर्ष राखून ठेवण्याची विनंती केली आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर मे महिन्याचे टँकरचे वेळापत्रक त्याच्याच टेबलावर तयार होत आहे.